किटोन बीटा पेशी वाचवतात की जाळतात?

ताई, वाचणाऱ्या इतरांनाही कळावं म्हणून आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो. तुम्ही कासारवडवलीला राहता, मिस्टर ४४ वर्षांचे. चार महिन्यांपूर्वी त्यांची तीन महिन्यांची सरासरी शुगर (एचबीए१सी) ९.२ टक्के निघाली. जिमच्या ट्रेनरच्या सांगण्यावरून भात-पोळी बंद झाली, पनीर-अंडी-लोणी सुरू झालं आणि आता तीच सरासरी ६.४ आहे. घरी बोटाच्या रक्तावर किटोन (चरबी जळताना यकृतात बनणारं इंधन) मोजता, ते १.४ ते १.६ मिलिमोल येतात. लघवीची पट्टी मात्र गडद जांभळी होते. ट्रेनर म्हणतो, किटोनमुळे स्वादुपिंडातल्या बीटा पेशी पुन्हा जिवंत होतात, शिवाय किटोनचं पेयही घ्या. दीर औषधाच्या दुकानात बसतात, ते म्हणतात किटोन म्हणजे अ‍ॅसिड, स्वादुपिंड जाळून टाकेल. खरं कोणाचं? आणि अगदी शेवटी, जाता जाता तुम्ही लिहिलंय: गोळ्या पूर्वीच्याच आहेत, मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिन १०. वजन ६४ वरून ५७ झालं, उंची पाच फूट सात.

ती शेवटची ओळ मी तीनदा वाचली. उत्तर लांबणार आहे, म्हणून आधी एक काम सांगतो. उद्या सकाळची डापाग्लिफ्लोझिन देण्याआधी तुमच्या डॉक्टरांना फोन करा आणि कर्बोदकं जवळजवळ बंद आहेत हे स्पष्ट सांगा. माझे पेशंट असते तर ही गोळी मी आजच थांबवली असती. का, ते पुढे येईलच.

आता मूळ भांडण. ट्रेनर आणि दीर एकमेकांच्या विरुद्ध बोलतायत असं वाटतं, पण दोघांची चूक एकच आहे. किटोन हा मालक आणि बीटा पेशी त्याची नोकर, असं दोघं धरून चालतात. प्रत्यक्षात लगाम बीटा पेशीच्या हातात असतो.

पॉल लँगरहान्सने १८६९ मध्ये स्वादुपिंडात पेशींची छोटी छोटी बेटं पाहिली. स्वादुपिंडाच्या वजनात त्यांचा वाटा जेमतेम एक-दोन टक्के. इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी याच बेटांत राहतात. जेवल्यावर त्या इन्सुलिनची मोठी लाट सोडतात हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण रात्री, उपाशीपोटीही त्यांच्याकडून इन्सुलिन ठिबकत असतं, आणि किटोनच्या गोष्टीत महत्त्व आहे ते या ठिबकण्याला. चरबीच्या साठ्याला कुलूप लावायचं काम ते करतं. ते कमी झालं की चरबी सुटून यकृतात जाते. तिथे शेजारच्या अल्फा पेशींचं ग्लुकागॉन (इन्सुलिनच्या उलट काम करणारं संप्रेरक) आगीत तेल ओतायला तयारच असतं. चरबी जाळणाऱ्या भट्टीचं दार उघडतं आणि किटोन बनू लागतात. गंमत म्हणजे यकृताला स्वतः बनवलेले किटोन वापरता येत नाहीत, त्यासाठी लागणारं एन्झाइमच त्याच्याकडे नाही. पंगतीला वाढून स्वतः उपाशी राहणाऱ्या आचाऱ्यासारखं. ते किटोन मेंदू, हृदय, स्नायू खातात.

चरबीचं कुलूप बंद ठेवायला लागणारं इन्सुलिन फार थोडं असतं. स्नायूंमध्ये साखर ढकलायला त्याच्या कितीतरी पट लागतं. म्हणून टाइप २ चा पेशंट ३५० शुगर घेऊन, जिना चढून माझ्यासमोर येऊन बसतो आणि त्याचे किटोन शून्याच्या आसपास असतात. शुगर वाढायला इन्सुलिन अपुरं पडलं तरी पुरतं. किटोन बेफाम व्हायला मात्र ते जवळपास संपावं लागतं.

याचा सगळ्यात स्वच्छ पुरावा शंभर वर्षांपूर्वीचा आहे. जानेवारी १९२२, टोरांटो. लिओनार्ड थॉम्पसन, वय १४, टाइप १ मधुमेहाने हाडांचा सापळा झालेला मुलगा. ११ जानेवारीला त्याला इन्सुलिनच्या अर्काचं पहिलं इंजेक्शन दिलं, अर्क अशुद्ध होता. शुगर थोडी उतरली, किटोन जागचे हलले नाहीत. कॉलिप या रसायनतज्ज्ञाने अर्क शुद्ध केला आणि २३ जानेवारीपासून पुन्हा इंजेक्शनं सुरू झाली. शुगर ५२० वरून १२० वर आली आणि लघवीतले किटोन गेले. इन्सुलिन खरोखर पोचलं आहे की नाही, हे किटोनने शुगरपेक्षा जास्त प्रामाणिकपणे सांगितलं.

मग उलट दिशेने काहीच घडत नाही का? किटोन बीटा पेशीला काहीच सांगत नाहीत? सांगतात, पण हळू आवाजात. १९६४ मध्ये मॅडिसन आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांच्या रक्तात किटोन सोडले, तेव्हा बीटा पेशींनी इन्सुलिन वाढवलं आणि शुगर उतरली. म्हणजे किटोन वाढले की ते बीटा पेशीचं दार ठोठावतात, ती थोडं इन्सुलिन सोडते, चरबीचं कुलूप घट्ट होतं आणि किटोन पुन्हा आवरले जातात. आठवडेच्या आठवडे उपाशी राहूनही निरोगी माणसाचे किटोन साधारण ६-७ मिलिमोलला येऊन थबकतात, त्यामागचं एक कारण हे. माणसात हा प्रतिसाद कुत्र्यांपेक्षा बराच मवाळ आहे.

मवाळ का, हे समजून घेण्यासारखं आहे. बीटा पेशीत साखर शिरते, जळते, ऊर्जा तयार होते. त्या ऊर्जेने पोटॅशियमची दारं बंद होतात, कॅल्शियम आत येतं आणि इन्सुलिनच्या पुड्या बाहेर पडतात. किटोनही आत जळू शकतात. पण साखरेतून जळणाशिवाय आणखी काही कच्चा मालही मिळतो, जो पेशीच्या भट्टीचं चक्र भरतं ठेवतो. नुसत्या किटोनमधून तो मिळत नाही. त्यामुळे प्रयोगशाळेत बीटा पेशींवर फक्त किटोन टाकले तर विशेष काही होत नाही. साखर थोडी हजर असेल तर किटोन तिचा जोर वाढवतात.

दुसरं कारण दाराचं. लॅक्टेट आणि किटोन यांना पेशीत शिरायला जे मुख्य दार लागतं, ते बीटा पेशींनी जवळजवळ बंदच ठेवलेलं असतं. बरंच आहे म्हणा. ठाणे स्टेशनच्या पुलावरून लोकल पकडायला धावलात की स्नायूंतून लॅक्टेट सुटतं. ते बीटा पेशीत घुसून इन्सुलिन सोडायला लागलं असतं, तर प्लॅटफॉर्मवर पोचेपर्यंत शुगर कोसळून चक्कर आली असती. हे दार जन्मतः उघडं राहिलेले मोजके लोक आहेत, आणि त्यांना व्यायाम केल्यावर नेमकं हेच होतं.

आता ट्रेनरचं पेय. ते प्यायल्यावर शुगर थोडी उतरते, हे खरं आहे. पण त्यात मोठा वाटा यकृताकडून बाहेर येणारी साखर कमी होण्याचा आहे. इन्सुलिनचा हातभार थोडा. त्याने बीटा पेशी बऱ्या होतात असं म्हणायला आधार नाही. डबा परत देता आला तर द्या.

दिरांचं म्हणणंही अगदीच हवेतलं नाही. १९९५ मध्ये माणसाच्या स्वादुपिंडातली बेटं काचपात्रात फॅटी अ‍ॅसिड आणि किटोनच्या चढ्या मात्रेत ठेवली गेली, तेव्हा त्यांची इन्सुलिन सोडण्याची ताकद घटली. २०१४ मध्ये उंदरांना २२ आठवडे कीटो आहार (कर्बोदकं जवळजवळ बंद, चरबी भरपूर) दिला, तर त्यांची साखर पचवण्याची क्षमता बिघडली आणि बीटा पेशींचा साठाही कमी झाला. मात्र त्या उंदरांचं वजन घटलं नव्हतं, आणि त्यांचा आहार म्हणजे जवळपास निव्वळ चरबी. काचपात्रातल्या पेशीभोवती तर ना रक्त, ना यकृत, ना बाकीचं शरीर. यावरून घोडबंदर रोडवर पनीर खाणाऱ्या माणसाबद्दल निकाल देता येत नाही. पण "किटोन म्हणजे अमृत" म्हणणाऱ्याला गप्प बसवायला एवढं पुरेसं आहे.

दिरांना मात्र एक गोष्ट विचारा. किटोनने बीटा पेशी जळत असतील, तर ज्यांचे किटोन सर्वांत जास्त चढतात त्यांच्या पेशी कायमच्या जायला हव्यात ना? टाइप १ मध्ये पेशी जातात, पण त्या आधीच स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने मारलेल्या असतात. किटोन त्यानंतर येतात. आणि मधुमेहाचा एक प्रकार असा आहे की माणूस पहिल्यांदा येतो तोच किटोअ‍ॅसिडोसिस (किटोन बेफाम वाढून रक्त आम्ल होणं) घेऊन, आयसीयूत. ब्रुकलिनमधल्या फ्लॅटबुश या वस्तीवरून त्याला फ्लॅटबुश डायबेटिसही म्हणतात. काही आठवडे नीट इन्सुलिन दिलं की यातल्या बऱ्याच जणांच्या बीटा पेशी शुद्धीवर येतात. काही महिन्यांत इन्सुलिन बंद होतं आणि ते वर्षानुवर्षं गोळ्यांवर, क्वचित नुसत्या पथ्यावर राहतात. असे पेशंट मीही पाहिलेत. इतक्या किटोनमध्ये बुडून निघालेल्या पेशी जळाल्या असत्या तर परत कशा आल्या? त्या मेल्या नव्हत्या, चढलेल्या साखरेने बधिर झाल्या होत्या.

इथे खरा गुन्हेगार सापडतो. बीटा पेशीला दमवते ती सततची चढी साखर, आणि चढ्या साखरेच्या सोबतीने येणारी जादा चरबी. २०१२ मध्ये उंदरांवरच्या कामातून दिसलं की दमलेल्या बीटा पेशी सगळ्याच मरत नाहीत. काही आपली ओळखच विसरून बसतात, इन्सुलिन बनवायचं सोडून देतात. ओझं उतरलं तर त्यातल्या काही पुन्हा कामाला लागू शकतात, ही आशा तिथून आली.

ओझं उतरवायचे मार्ग दोन. ब्रिटनमध्ये रॉय टेलर आणि माइक लीन यांनी डायरेक्ट नावाचा अभ्यास केला. रोज साधारण ८५० कॅलरी, तीन ते पाच महिने. मधुमेह होऊन सहा वर्षांपेक्षा कमी काळ झालेले लोक निवडले होते. एका वर्षाने ४६ टक्के लोकांची शुगर औषधाशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली होती, दोन वर्षांनी ३६ टक्क्यांची. तिथे कीटो आहार नव्हता. यकृतातली आणि स्वादुपिंडातली चरबी उतरली होती. दुसरा मार्ग तुमच्या मिस्टरांचा. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या अलाबामा विद्यापीठाच्या बर्मिंगहॅम शाखेने सौम्य मधुमेहाच्या ५७ जणांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका गटाला कर्बोदकं फक्त ९ टक्के, दुसऱ्याला ५५ टक्के, बारा आठवडे, आणि दोघांचंही वजन मुद्दाम टिकवून ठेवलं. कमी कर्बोदकांच्या गटात बीटा पेशींचा पहिला झटपट प्रतिसाद दुपटीने सुधारला. म्हणजे ट्रेनरचं निरीक्षण चुकलेलं नाही, कारण चुकलंय. पेशींना आराम मिळाला तो साखरेचा मारा थांबल्यामुळे. किटोन त्या आरामासोबत दिसतात. भारतात आपण सरासरी ६२ टक्के कॅलरी कर्बोदकांतून घेतो, त्यामुळे आपल्याकडे हा मारा थोडा कमी केला तरी फरक पडतो. त्यासाठी किटोन १.५ पर्यंत चढवायची गरज नसते.

आमच्या नौपाड्यातल्या आज्या मला विचारतात, "डॉक्टर, मी दर एकादशीला उपास करते, माझे किटोन वाढत असतील ना?" साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, वर रताळ्याचा कीस. एकादशी आणि दुप्पट खाशी. किटोन तिकडे फिरकतही नाहीत.

आता तुमच्या मिस्टरांकडे. पाच फूट सात उंची आणि ६४ किलो, म्हणजे आहार सुरू करण्याआधीच ते सडपातळ होते. डायरेक्टमधली माणसं सरासरी शंभर किलोची. पुण्यात केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी वर्षानुवर्षं दाखवून दिलंय की भारतीय माणूस वरून बारीक दिसला तरी आतून चरबी बाळगून असतो. दुसरीकडे, आपल्याकडच्या तरुण, सडपातळ मधुमेहींमध्ये इन्सुलिनच कमी पडतं असेही बरेच असतात. पहिल्या प्रकारात सात किलो उतरणं हे औषध. दुसऱ्या प्रकारात सात किलो उतरणं हे कदाचित लक्षण. दोघांचीही शुगर कर्बोदकं बंद केल्यावर सुधारते. बाहेरून फरक कळत नाही, आणि म्हणूनच मला ६.४ चा आकडा बघून पेढे वाटावेसे वाटत नाहीत.

फरक कळायला सी-पेप्टाइडची तपासणी आहे. बीटा पेशी इन्सुलिनचा प्रत्येक रेणू बनवताना त्याच्यासोबत सी-पेप्टाइडचा एक रेणू सोडते. त्यामुळे स्वतःच्या घरचं इन्सुलिन किती बनतंय ते समजतं. त्याच नमुन्यातून शुगरही तपासून घ्या, शुगर न बघता सी-पेप्टाइड वाचणं म्हणजे धावसंख्या न बघता षटकं मोजणं. सध्या कर्बोदकं बंद असल्यामुळे उपाशीपोटीचा आकडा मुळातच कमी येईल, त्याने घाबरू नका. जेवल्यानंतरचा नमुना जास्त बोलका. तोही ०.६ नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर मात्र विषय गंभीर आहे. सोबत गॅड अँटीबॉडी करून घ्या, प्रतिकारशक्ती बीटा पेशींवर उलटली आहे का ते त्यातून कळतं. चाळिशीत हळूहळू येणारा टाइप १ बरेचदा टाइप २ म्हणून वर्षभर फिरतो.

एक तपासणी मात्र आत्ता अजिबात करू नका, ती म्हणजे ग्लुकोज पाजून घेतलेली जीटीटी. अनेक दिवस कर्बोदकं न मिळालेली बीटा पेशी अचानक आलेल्या ग्लुकोजला उशिरा दाद देते आणि रिपोर्ट भयानक येतो. दिरांना आयतं कोलीत मिळेल. करायचीच असेल तर आधी तीन दिवस रोज किमान १५० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत.

आता ती गोळी. डापाग्लिफ्लोझिन वाईट औषध नाही. हृदय आणि मूत्रपिंडासाठी ते उत्तम आहे, मी रोज लिहून देतो. २०२० मध्ये पेटंट संपल्यावर ते स्वस्त झालं आणि घरोघरी पोचलं. ते साखर लघवीवाटे बाहेर काढतं. साखर उतरली की बीटा पेशीचं ठिबकणं मंदावतं, ग्लुकागॉन वाढतं, चरबीचं कुलूप सैल होतं. त्यात कर्बोदकं बंद. त्यात माणूस मुळात सडपातळ, इन्सुलिनचा साठा किती ते माहीत नाही. म्हणजे कुलूप तीन बाजूंनी एकदम ढिलं केलंय. नुसत्या आहारावर १.६ किटोन असते तर मी निवांत असतो. या गोळीसोबतचे १.६ म्हणजे एका जुलाबाच्या, एका उलटीच्या अंतरावर उभे आहात.

धोका असा की शुगर सावध करत नाही. दोन वर्षांपूर्वीच्या नवरात्रातली गोष्ट. टेंभी नाक्याच्या देवीचे नऊ दिवस एक गृहस्थ फक्त पाणी आणि दुधावर होते आणि डापाग्लिफ्लोझिनच्याच गटातली ग्लिफ्लोझिन गोळी नेमाने घेत होते. आठव्या दिवशी मळमळ, पोटात दुखणं. एका रुग्णालयात नेलं, शुगर १६८ आली. अ‍ॅसिडिटीचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आणलं तेव्हा श्वास खोल आणि भराभर चालला होता, रक्तातले किटोन ६ च्या वर आणि बायकार्बोनेट ९, म्हणजे रक्त चांगलंच आम्ल झालेलं. इन्सुलिन आणि सोबत ग्लुकोजचं सलाईन, दोन्ही एकदम द्यावं लागलं, कारण शुगर उतरवायची नव्हतीच, कुलूप लावायचं होतं. तीन दिवसांत घरी गेले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या धोक्याचा इशारा २०१५ मध्येच दिला होता, तरी "शुगर १६८ आहे ना, मग काही नाही" हे वाक्य अजून ऐकू येतं. आता निदानाचे निकषही बदललेत: मधुमेह असलेल्या माणसाचे किटोन ३ किंवा जास्त आणि रक्त आम्ल झालेलं असेल, तर शुगर कितीही असो, किटोअ‍ॅसिडोसिस समजायचा.

लघवीच्या पट्टीचा रंग बघून ठरवणं सोडा. ती पट्टी अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेट हा किटोन ओळखते, बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट हा दुसरा किटोन तिला दिसतच नाही, आणि खऱ्या संकटात वाढतं ते मुख्यतः दुसरंच. उलट पाणी कमी प्यायलेल्या दिवशी लघवी दाट होऊन उगाच जांभळी दिसते. तुमच्याकडचं बोटाच्या रक्ताचं मीटर बरोबर आहे.

गोळी थांबवल्यावरही तिचा परिणाम दोन-तीन दिवस, कधी त्याहूनही जास्त रेंगाळतो. त्या दिवसांत मळमळ, उलटी, पोटदुखी, धाप किंवा विचित्र थकवा जाणवला तर शुगर कितीही चांगली दिसो, रक्तातले किटोन बघा. ३ किंवा जास्त असतील तर थेट मोठं रुग्णालय गाठा आणि कॅज्युअल्टीत पहिल्या वाक्यातच सांगा: "ग्लिफ्लोझिन गोळी चालू होती, कीटो आहार आहे, किटोन इतके आहेत." किटोन दीड ते तीनच्या मध्ये आणि सोबत उलट्या, तरी थांबू नका.

आहार पूर्ण उलटवायला मी सांगत नाही. त्यांनी मेहनत घेतली आहे आणि साखरेचा मारा थांबलाय ते चांगलंच आहे. पण वजन आणखी उतरायला नको. दोन्ही जेवणांत एक ज्वारीची किंवा नाचणीची भाकरी, मूग-मटकीची उसळ, मासे खात असाल तर बांगडा-सुरमई, ताक. लोणी-चीजचे डोंगर कमी. किटोन ०.५ च्या खाली आले तरी ट्रेनरला सांगायची गरज नाही. मेटफॉर्मिन चालू राहू दे. दोन आठवड्यांनी जेवणानंतरचं सी-पेप्टाइड, त्याच नमुन्यातली शुगर आणि गॅड, हे तिन्ही रिपोर्ट एकत्र घेऊन तुमच्या डॉक्टरांना भेटा. डापाग्लिफ्लोझिन पुन्हा सुरू करायची का, हे ते आकडे समोर असतील तेव्हा ठरवता येईल.